‘शुद्ध शाकाहारी’ पाटीचा इतिहास आणि आपले ताट



मागच्या पावसाळ्यात केज तालुक्यातले एक गृहस्थ तपासायला आले. वय साठीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. बारा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिनची गोळी नियमित. तक्रार अशी की तळपायाला मुंग्या येतात, आणि चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. नात्याने कोणी नव्हेत, पण मी त्यांना तात्या म्हणतो.

साखर बऱ्यापैकी ताब्यात होती. त्यामुळे सगळा दोष मधुमेहाला देऊन चालेना. रक्त तपासले तर जीवनसत्त्व बी-१२ फारच कमी.

“तात्या, जेवण कुठं होतं?”

“बीडला दुकानावर असतो, डॉक्टरसाहेब. मुलगा-सून पुण्याला. दोन्ही टाइम हॉटेलात. पण पाटी बघूनच आत जातो. शुद्ध शाकाहारी असंल तरच.”

“आणि दूध, ताक?”

“दूध पचत नाही, सोडून दिलं. चहासुद्धा कोरा. पनीर-बिनीर तर लागतच नाही मला.”

म्हणजे तात्या गेली काही वर्षे पूर्णपणे वनस्पतीजन्य आहारावर होते. पुण्यात शिकणारी त्यांची नात याच आहाराला ‘व्हीगन’ म्हणते. बी-१२ वनस्पतींमधून मिळत नाही, हे मी समजावले. त्यावर त्यांनी विचारले, “मग आमचे आजे-पणजे सगळे माळकरी. त्यांना कुठं होतं हे?”

ओपीडीत बाहेर रांग असते, तेव्हा थोडक्यात उत्तर दिले. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. आजे-पणजे माळकरी होते हे खरे, पण ते हॉटेलात जेवत नव्हते. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपण बाहेर जेवायला लागलो, आणि दारावरची पाटी वाचून निर्धास्त व्हायला शिकलो. ती पाटी वेळोवेळी कशाची हमी देत आली, हे पाहिले की आजची चूक नेमकी कुठे होते ते कळते. म्हणून आजचा लेख थोडा इतिहासाचा आहे.

बाहेर न जेवण्याचा काळ

आपल्याकडे प्रवासाला निघणारा माणूस शिदोरी बांधून निघे. शिदोरीत भाकरी, चटणी, कांदा. सोवळे पाळणाऱ्या घरांत दशम्या. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवत, कारण दुधात भिजवलेले खरकटे मानले जात नसे आणि ते वाटेत खायला चाले. मुक्काम लांबला तर धर्मशाळेत शिधा घेऊन स्वतः रांधायचे. अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला कोकण-पुण्याकडची मंडळी येत. ती तीर्थोपाध्यायांच्या घरी उतरत आणि तिथेच जेवत. परळीला वैद्यनाथाच्या, कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला आलेली माणसे चूल मांडत किंवा पंगतीत बसत. वारीत तर दिंडीची पंगत असतेच.

पैसे देऊन अनोळखी माणसाच्या हातचे खाणे ही नवी गोष्ट होती, आणि ती सोपी नव्हती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक वगैरे प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला गेली. तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणाकोणाची नावे छापून आली आणि वर्ष-दोन वर्षे पुण्यात ग्रामण्य गाजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, रानड्यांसारख्या माणसाला शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहात मांस नव्हते, बिस्किटातही नव्हते. प्रश्न पदार्थाचा नव्हता, तो कोणाच्या हातचा, एवढाच होता.

मुंबईचे डबेवाले याच मनोवृत्तीतून उभे राहिले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास ही सेवा सुरू केली असे सांगितले जाते. माणूस कचेरीत गेला तरी जेवण घरचेच हवे होते.

पहिली पाटी: कोणी शिजवले?

शहरे वाढली. गिरण्या, रेल्वे, कचेऱ्या, कॉलेजे आली. एकटी राहणारी माणसे वाढली आणि खानावळी निघाल्या. सुरुवातीच्या पाट्यांवर जातीचा उल्लेख सर्रास असे. रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे मिळे. दलितांना बहुतेक हॉटेलांत आत प्रवेश नसे. जिथे चहा मिळे, तिथे कप वेगळा आणि तो स्वतः विसळून ठेवायचा.

या काळात एक वेगळी पाटीही लागली. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी ‘सत्यसुधारक’ नावाचे हॉटेल काढले. ते दलित होते, म्हणून लोक चहाला येईनात. तेव्हा छत्रपती शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. एका कप चहाने महाराजांनी जे सांगितले, ते दहा भाषणांनी सांगता आले नसते.

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिला. त्यानंतर राज्यघटना आली. तिच्या १५ व्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही तिथे मज्जाव करता येणार नाही. १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला. कायद्याच्या दृष्टीने पहिली पाटी उतरली. मनातून उतरायला वेळ लागला, आणि काही ठिकाणी अजून लागतो आहे.

हे आरोग्याच्या लेखात कशाला, असे कोणी विचारेल. ‘शुद्ध’ हा शब्द आपल्या पाटीवर कुठून आला, ते विसरू नये म्हणून. सुरुवातीला त्याचा संबंध जंतूंशी नव्हता आणि पोषणाशीही नव्हता.

दुसरी पाटी: स्वच्छ आणि आरोग्य

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाट्यांवर नवे शब्द दिसू लागले. दादरचे मामा काणे यांचे ‘स्वच्छ उपाहारगृह’ शंभर वर्षांहून जुने. दादरलाच ‘तांबे आरोग्य भुवन’, गिरगावात ‘विनय हेल्थ होम’. ही नावे आज नुसती जुन्या वळणाची वाटतात. पण पटकी, विषमज्वर आणि प्लेग पाहिलेल्या पिढीला ‘स्वच्छ’ हा शब्द मोठा दिलासा होता. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हापासून लोक पाणी, उंदीर, गटार यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले होते.

डॉक्टर म्हणून मला ही दुसरी पाटी सर्वांत मोलाची वाटते. आजही पावसाळ्यात माझ्याकडे येणारे विषमज्वराचे आणि काविळीचे बरेच रुग्ण बाहेरचे पाणी, चिरून ठेवलेला कांदा-काकडी, उघडी चटणी यांचा इतिहास सांगतात. शाकाहारी जेवणातून हे आजार होत नाहीत हा गैरसमज आहे. हात न धुता चिरलेली कोशिंबीर ही पूर्ण शाकाहारीच असते.

तिसरी पाटी: शुद्ध शाकाहारी

मग दक्षिणेकडून उडुपी हॉटेले आली. उडुपीच्या श्रीकृष्ण मठाच्या परिसरातले स्वयंपाकी मुंबईत आले. माटुंग्याला ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये ‘उडिपी श्री कृष्ण बोर्डिंग’ सुरू केले, ते आजही चालू आहे. इडली, सांबार, डोसा हे पदार्थ मराठी माणसाला असे आवडले की आता ते परके वाटतच नाहीत. इडली वाफवलेली, डाळ-तांदूळ एकत्र, आंबवलेली. बाहेरचा नाश्ता म्हणून आजही ही चांगली निवड आहे.

फाळणीनंतर उत्तरेकडून दुसरी लाट आली. पेशावरहून दिल्लीत आलेल्या निर्वासितांनी १९४७ मध्ये दर्यागंजला ‘मोती महाल’ सुरू केले. तंदूर, लोणी, मलई आणि टोमॅटोची दाट ग्रेव्ही ही त्या जेवणाची ओळख ठरली. पुढे १९७० पासून ‘ऑपरेशन फ्लड’ने देशात दुधाचा पुरवठा वाढवला. गावोगावच्या हॉटेलांत ‘पंजाबी डिश’ आली, पनीर आले. आपल्या आजीने पनीर कधी केले नव्हते. आज मात्र धुळे-सोलापूर महामार्गावर गेवराईपासून मांजरसुंब्यापर्यंत कुठेही थांबा, मेनूकार्डाचे पहिले पान पनीरचे असते. पनीर मसाला, पनीर बटर मसाला, पनीर हंडी. सोबत बटर नान.

याच काळात डालडाही आला. वनस्पती तूप या नावाने तो १९३७ पासून बाजारात होता. साजूक तुपाच्या तुलनेत स्वस्त, टिकाऊ, आणि वनस्पतीपासून झालेला. म्हणजे ‘शाकाहारी’ या कसोटीवर शंभर टक्के पास. पण तेल घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होत असे आणि ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांना साजूक तुपाहूनही वाईट. हे कळायला दशके गेली. आपल्याकडे तेला-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणत जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आली. वनस्पतीपासून झाले म्हणजे आरोग्याला चांगले, या समजाला यापेक्षा चांगला उतारा नाही.

पाटी खोटी नव्हती. तिने मांस नाही एवढेच सांगितले होते. ताटात किती मैदा, किती लोणी, किती मीठ, हे तिने कधीच सांगितले नव्हते. ते आपण मनाने गृहीत धरले.

तोवर बीडच्या घरात काय शिजत होते?

आता तात्यांच्या आजे-पणज्यांच्या ताटाकडे येऊ.

बालाघाटच्या डोंगररांगा, कमी पाऊस, ज्वारी-बाजरीची जमीन. रोजचे जेवण म्हणजे भाकरी, तुरीचे वरण किंवा आमटी, मटकी-हुलग्याची उसळ, हुलग्याचे शेंगोळे, पिठले, वांगे. मोसमात अंबाडी, तांदुळजा, घोळ, करडईची कोवळी पाने. तोंडी लावायला जवसाची, कारळाची, शेंगदाण्याची चटणी. लग्नकार्यात येसर आमटी. थंडीत हुरडा. तेल करडईचे. मांसाहारी घरांतही मटण सणा-जत्रेला किंवा पाहुणा आला तरच. ज्यांनी माळ घातली त्यांनी तेही सोडले.

म्हणजे बीडचे नेहमीचे ताट जवळजवळ वनस्पतीजन्यच होते. त्यामागे तत्त्वज्ञान कमी, पावसाचे आणि पैशाचे गणित जास्त. तरी पोषणाच्या दृष्टीने त्यात शहाणपण होते. भाकरी आणि डाळ एकत्र आली की प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. पालेभाजी आणि डाळीत फोलेट भरपूर. जवसात ओमेगा-३ गटातले स्निग्ध आम्ल. ज्वारीच्या भाकरीत चोथा आहे, ती चावून खावी लागते आणि पोट लवकर भरते. मैद्याच्या नानाचे तसे नाही.

पण त्या काळाची आरती ओवाळायची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या लोकांनी रोजगार हमीच्या कामावर सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी गिळल्या. आजही ऊसतोडीला जाणारी आपली माणसे कोपीवर भाकरी आणि चटणीवर दिवस काढतात आणि वाटेत बाहेर खायचेच झाले तर वडापाव खातात. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर जन्मलेला हा पदार्थ: बटाटा, बेसन, तेल, पाव. दूध नाही, तूप नाही. काटेकोर अर्थाने पूर्ण वनस्पतीजन्य. स्वस्त आणि पोटभरीचा, पण पोषणाला तोकडा. ऊस तोडणाऱ्या बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळते, तेव्हा तिला ‘शाकाहार चांगला’ हे सांगून भागत नाही. तिला डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे आणि लोहाची गोळी लागते.

बी-१२ ची गोष्ट

तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या इतिहासात आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईतून जातो.

१९२८ मध्ये ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गरीब गरोदर स्त्रियांमध्ये एक विशिष्ट रक्तक्षय दिसत होता. त्यात तांबड्या पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या असत. लोहाने तो बरा होत नव्हता. विल्स यांनी आहाराकडे लक्ष दिले आणि यीस्टपासून केलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने या स्त्रिया सुधारतात हे दाखवले. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. तो घटक म्हणजे फोलेट, हे नंतर कळले. आज प्रत्येक गरोदर स्त्रीला आपण फॉलिक अॅसिडची गोळी देतो, त्यामागे मुंबईच्या त्या कष्टकरी बायका आहेत.

पण मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाचे दुसरेही एक कारण होते. तिथे यकृताचा अर्क उपयोगी पडे. त्यातला घटक १९४८ मध्ये लालसर स्फटिकांच्या रूपात वेगळा काढण्यात आला, तोच बी-१२. गंमत बघा: ‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये तयार केला, म्हणजे बी-१२ हाती लागण्याच्या चार वर्षे आधी. दूधही सोडायचे ठरवणाऱ्या त्या पहिल्या मंडळींना आपल्या ताटात नेमके काय कमी पडणार आहे, हे माहीत असणे शक्यच नव्हते.

आपल्याकडे हा प्रयोग त्याआधीच एका मोठ्या माणसाने केला होता. गांधीजी १८८८ मध्ये लंडनला गेले, तेव्हा आईला दिलेल्या शब्दापायी उपाशी राहायची वेळ आली होती. फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले तेव्हा त्यांना झालेला आनंद त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूधही सोडले. १९१८ मध्ये आमांशाने ते फार खंगले. दुधाशिवाय तब्येत भरून येणार नाही असे मुंबईच्या डॉ. दलाल यांनी बजावले. गाई-म्हशीचे दूध न घेण्याचे व्रत होते. शेळीचे दूध त्यात येत नाही हे कस्तुरबांनी सुचवले. गांधीजींनी ते घेतले आणि त्याची खंत आयुष्यभर बाळगली. आज त्यांच्यासमोर हा पेच इतका अवघड नसता. बी-१२ जिवाणूंच्या साहाय्याने कारखान्यात तयार होते. त्यासाठी कोणत्याही प्राण्याला हात लावावा लागत नाही.

बी-१२ मुळात जिवाणूच बनवतात. ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून आपल्यापर्यंत येते. रक्त तयार होण्यासाठी ते लागतेच, शिवाय मज्जातंतूंचे आवरण टिकवण्यासाठीही लागते. यकृतात त्याचा साठा असतो आणि तो काही वर्षे पुरतो. म्हणून आहार बदलल्यावर लगेच काही जाणवत नाही. साठा संपत आला की मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे, विसरभोळेपणा, जीभ लाल होणे, थकवा अशी लक्षणे दिसू लागतात. पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांत फोलेटमुळे रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचे नुकसान मात्र आतल्या आत चालू राहते. उशीर झाला तर ते पूर्ण भरून येत नाही.

हे दुर्मीळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी शहर, झोपडपट्टी आणि खेडी अशा तिन्ही ठिकाणचे ४४१ पुरुष तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश जणांचे बी-१२ कमी होते, आणि शाकाहारींना धोका अधिक होता. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात असेही दिसले की ज्या गरोदर स्त्रियांत फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनचा प्रभाव कमी पडत होता. म्हणजे आईच्या ताटातली उणीव मुलाच्या मधुमेहापर्यंत जाऊ शकते.

मग आजे-पणज्यांचे काय? गोठा दारात होता, ताक रोज होते. मेटफॉर्मिन नव्हते, ही गोळी वर्षानुवर्षे घेतली की बी-१२ चे शोषण कमी होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणी मोजत नव्हते. उतारवयात पाय लटपटू लागले की ‘वय झालं’ म्हणत. त्यांतल्या किती जणांना हा विकार होता, हे आता कळायला मार्ग नाही.

चौथी पाटी: हिरवा ठिपका आणि व्हीगन

२००१ पासून पाकिटबंद पदार्थांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका आला. त्यात दूध चालते, अंडे चालत नाही. २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळे चिन्ह आले. त्यात दूध आणि मधही चालत नाही. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेल साखळ्यांना मेनूवर उष्मांक लिहिणेही आता बंधनकारक आहे. पण आपल्या रस्त्यावरच्या हॉटेलाला तो नियम लागू नाही. तिथे आपणच विचारायचे.

मग हॉटेलात काय मागवावे?

वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्याला बीडमध्ये बाहेर जेवणे अवघड नाही. मेनूकार्डाचे पहिले पान उलटून शेवटच्या पानावर जा. आपले जुने ताट तिथे असते.

१. भाकरी, पिठले, ठेचा, भरली वांगी किंवा भरीत, मटकीची उसळ, मेथी. तेल कमी टाकायला आधीच सांगा. रक्तदाब असेल तर ठेचा, लोणचे, पापड यांतल्या मिठाचे भान ठेवा. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी हवे.

२. डाळ हवीच. दाल तडका मागवताना बटर आणि क्रीम नको असे स्पष्ट सांगा. डाळ-उसळीशिवाय नुसती भाजी-भाकरी म्हणजे प्रथिने कमी.

३. लपलेले दूध ओळखा. नानाच्या पिठात दही किंवा दूध असू शकते. काजू करीत, कोफ्त्यात खवा किंवा मलई असते. भाजीवर शेवटी लोणी सोडतात. ज्यांना दूध चालत नाही किंवा पचत नाही, त्यांनी रोटी-भाकरी आणि तेलाची फोडणी मागावी.

४. नाश्त्याला इडली-सांबार, पोहे, दह्याशिवाय मिसळ. मिसळीवर फरसाण कमी, मोड आलेली मटकी जास्त. पुन्हा पुन्हा तापवून काळे पडलेले तेल दिसले तर तळलेले टाळा.

५. उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे बहुतांशी पिष्ट. मधुमेह असेल तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी तुलनेने बरी, तीही बेताने.

६. जेवणावर लिंबू पिळा, त्याने डाळ-भाजीतले लोह चांगले शोषले जाते. चहा जेवणाबरोबर नको, तासाभराने घ्या. तो लोह अडवतो.

७. गोड खायचेच असेल तर मोसमात आपले बीडचे सीताफळ आहे. मधुमेहींनी मात्र त्याचेही प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

८. दूध-दही अजिबात न घेणाऱ्या प्रत्येकाने बी-१२ बाहेरून घेतलेच पाहिजे, आणि तेही कायम. गरोदर व स्तनदा माता, साठीपुढचे लोक आणि मेटफॉर्मिन घेणारे यांनी तपासणी करून घ्यावी. मात्रा डॉक्टर ठरवतील.

तात्यांचे पुढे काय झाले?

मी कॅप्सूल लिहून दिली. आठवड्याने तात्या परत आले, पाकीट तसेच. नातीने फोनवर सांगितले होते की कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. “डॉक्टरसाहेब, चाळीस वर्षांची माळ आहे. पायासाठी मोडू का?”

पोरीचे बरोबर होते, आणि चूक माझी. गळ्यातली माळ मी पाहिली होती. आवरण कशाचे आहे हे बघायला हवे होते. आधी इंजेक्शनचा कोर्स दिला, मग साधी गोळी. जिलेटिनऐवजी वनस्पतीजन्य आवरणाच्या कॅप्सूलही मिळतात. आता मी माळकरी, जैन, लिंगायत आणि व्हीगन रुग्णांना औषध लिहिताना हे विचारतो. तुम्हीही न लाजता सांगत चला. औषध घरी नेऊन न घेण्यापेक्षा डॉक्टरांशी दोन शब्द जास्त बोललेले बरे.

सहा महिन्यांनी तात्यांच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या आहेत. डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे, तो कदाचित तसाच राहील. दोन वर्षे आधी आले असते तर बरे झाले असते.

ते अजून हॉटेलातच जेवतात आणि पाटी बघूनच आत जातात. फक्त आत गेल्यावर आता वेटरला विचारतात, “आज डाळ कोणती?”

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपली औषधे, बी-१२ ची मात्रा आणि पथ्य आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.)